तुला काय कमी आहे?

यंदाच्या संक्रांतीला वाण लुटायचं नाही, असं आमच्या इमारतीतल्या आठ-नऊ जणींनी ठरवलं. गाळण्या, प्लास्टिकचे डबे आणि कुंकवाच्या कोयऱ्या ठेवायला आता कुणाच्याच कपाटात जागा नाही. त्याऐवजी सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि हळदीकुंकवाला त्यावर बोलायचं. कोणतं पुस्तक, यावर दोन आठवडे फोनवर खल झाला. शेवटी 'मी, दुर्गा खोटे' ठरलं, तेही अर्धं गमतीनं. दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. म्हटलं, चला, वाढदिवसही होईल आणि तिळगूळही.

आम्ही नागपूरच्या रामदासपेठेतले. म्हणजे जुना बंगला पाडून उभी राहिलेली इमारत, खाली कुणाचा तरी दवाखाना, वर आपण. सकाळी लेंड्रा पार्कला चक्कर आणि संध्याकाळी सेंट्रल बाजार रोडवर गाडी लावायला जागा शोधणं. आम्हाला कुणी श्रीमंत म्हटलं तर आम्ही लगेच "छे हो, कर्जं आहेत डोक्यावर" असं म्हणतो. पण घरी कामाला मावशी आहेत, दोन गाड्या आहेत, मुलांच्या खोलीत एसी आहे. नाही म्हणायचं तरी कुणाला?

पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुर्गाबाई माहेरच्या लाड. वडील पांडुरंग लाड मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर. शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. शिकत असतानाच लग्न झालं, तेही खोट्यांच्या तितक्याच मातबर घरात. आणि मग त्या घरातला पैसा गेला. पदरात दोन मुलगे. पैशाचा विचार करायची जिच्यावर कधी वेळच आली नव्हती, तिनं शिकवण्या धरल्या. मग १९३१ मध्ये 'फरेबी जाल' नावाच्या सिनेमात एक छोटं काम केलं. घरंदाज बाई सिनेमात गेली म्हणून त्यावरून गहजब झाला. आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त ती तारामती झाली. राज्य गेलेल्या राणीचं काम, वैभव गेलेल्या घरातल्या सुनेनं केलं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई वगैरे.

तर पुस्तक एक, वाचणाऱ्या नऊ, आणि प्रत्येकीला भेटलेली दुर्गाबाई वेगळी.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आल्या आल्याच म्हणाल्या, "मी पन्नास पानांवर ठेवून दिलं बाई. भरल्या घरातलं बालपण वाचून मला काय करायचंय? माझ्या आईनं शिवणाच्या मशीनवर पाच पोरं वाढवली. तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही." यावर काय बोलणार? खोलीत जरा शांतता झाली. कुणीतरी मग सांबारवडी पुढे केली.

आमच्यातल्या एक डॉक्टर आहेत. त्यांना म्हणे शिकवण्यांचा भाग वाचल्यावर झोपच लागली नाही. "माझा मुलगा बारावीत आहे आणि त्याला कुकर लावता येत नाही. उद्या आमचं काही झालं तर?" आम्ही सगळ्या हसलो. हसता हसता प्रत्येकीनं मनात आपापल्या पोराला काय काय येत नाही त्याची मोजदाद केली असणार. मी तरी केली. सातव्या कलमापाशी थांबले.

सगळ्यांत तरुण आई, तिचा मुलगा पहिलीत आहे, ती बिचारी फोनवर मुद्दे लिहून आली होती. तिचा प्रश्न सरळ होता, "मग आपण करायचं काय? मुलांना मुद्दाम गरिबी दाखवायची का?"

तो विषय फार रंगला, कारण आमच्यापैकी निम्म्या जणींनी मुलांचे वाढदिवस अनाथाश्रमात केलेले आहेत. मीसुद्धा. धाकटी सात वर्षांची झाली तेव्हा केक, सामोसे, वह्या-पेन्सिली असं सगळं घेऊन गेलो होतो. तिथल्या मुलांनी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं. परत येताना गाडीत तिनं विचारलं, "आई, त्या मुलांना रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस म्हणावा लागतो का?" मी रेडिओ लावला.

हेतू वाईट नव्हता हो. आपल्याकडे आहे त्याची जाणीव व्हावी, एवढंच मनात होतं. पण जाणीव करून द्यायला आपण दुसऱ्यांच्या मुलांना उभं केलं, हे मला तिच्या प्रश्नानंतर कळलं. तिला काय कळलं, कोण जाणे. त्यानंतर बरेच दिवस ती आपला वाढदिवस नको म्हणायची.

हळदीकुंकवाला माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी मोठ्या तावातावानं म्हटलं, "शिकवण्यांपासून पुढे बाई ग्रेटच आहे. पण लहानपणाचं एवढं कौतुक कशाला? लहानपणी तिला काय कमी होतं?" दोघी-तिघींनी माना डोलावल्या. धाकटी तेव्हा तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. आता ती दहा वर्षांची आहे.

रात्री अंथरुणात शिरता शिरता ती म्हणाली, "आई, त्या दुर्गाबाईंना पण कुणी म्हणायचं का गं, तुला काय कमी आहे?"

"म्हणजे?"

"तू मला म्हणतेस ना, तसं."

खरं सांगते, मला आठवेचना मी कधी म्हणते ते. मग दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःकडे कान लावून बसले. सोमवारी दोनदा. मंगळवारी एकदा, आणि त्याच दिवशी यांनी थोरल्याला एकदा. बुधवारी मी ओठांवर आलेलं गिळलं, पण त्याऐवजी जे म्हटलं ते त्याचंच भावंड होतं, "आमच्या वेळी तर..."

तुमच्याही घरी हे वाक्य असेल. आपण ते कधी म्हणतो बघा. पोरगं तोंड पाडून बसलेलं असतं, आपल्याला दवाखान्यात किंवा ऑफिसात पोचायचं असतं, गॅसवर भाजी असते. "काय झालं?" असं विचारलं तर उत्तर ऐकायला वीस मिनिटं लागणार. तेवढी कुणाकडे आहेत? "तुला काय कमी आहे?" हा दिसायला प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर कुणाला नको असतं. दार लावून घ्यायचं ते वाक्य आहे. पोरगंही मुकाट्यानं उठतं आणि दप्तर भरायला लागतं.

आणि यात दुष्टपणा काही नसतो. मी नागपूरच्याच महाल भागात दोन खोल्यांत वाढले. पाच माणसं, एक मोरी, आणि दिवाळीचा फ्रॉक पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवायचा. माझ्या लेकीला स्वतःची खोली आहे, तिच्या आवडीच्या रंगाची. ती खोली बघून मला अजूनही भरून येतं. मग त्याच खोलीत बसून ती रडायला लागली की मला ते जणू माझ्याच कष्टांवर बोट ठेवल्यासारखं वाटतं. एवढं दिलं, तरी रडतेस? म्हणजे मी कमी पडले का? ही आपली भीती असते, आणि ती आपण मुलीच्या डोक्यावर नेऊन ठेवतो.

आमच्या हळदीकुंकवात वर्ध्याच्या एक काकू होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नव्हत्या. दोन-तीन दिवसांनी लेंड्रा पार्कात भेटल्या तेव्हा मी त्यांना धाकटीचा प्रश्न सांगितला. बाकावर बसत म्हणाल्या, "आमच्या जमनालालजींची गोष्ट माहीत आहे ना तुला? सतराव्या वर्षाची?"

बजाज म्हटलं की मला स्कूटर आठवते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

जमनालाल बजाजांचा जन्म १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास नावाच्या गावातला. वर्ध्याच्या सेठ बच्छराजांकडे ते लहानपणीच नातू म्हणून दत्तक आले. घरात कशालाच तोटा नव्हता. एकदा एका लग्नाला जायचं होतं. आजोबांचं म्हणणं, दागिने घालून चल. मुलगा म्हणाला, मला नको. शब्दानं शब्द वाढला, आजोबा संतापले आणि नको ते बोलून गेले. सगळा रोख पैशावर होता. त्या पोरानं मग आजोबांना एक पत्र लिहिलं आणि घर सोडलं. तुमच्या संपत्तीवर माझा आता काही हक्क नाही, अंगावरचे कपडे तेवढे घेऊन निघालो आहे, तुमच्याबद्दल मनात राग नाही, असा त्याचा मतलब होता. बच्छराजांना पश्चात्ताप झाला. माणसं धाडून, समजूत घालून त्यांनी नातवाला परत आणलं. पुढे हेच जमनालाल गांधीजींच्या जवळचे झाले, त्यांनी १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, हे सगळं आपण शाळेत शिकलेलो आहोत.

"पण मला नेहमी त्या म्हाताऱ्याचंच वाटतं," काकू म्हणाल्या. "बिचाऱ्याला नातवाला नटवून न्यायचं होतं, दुसरं काय? लोकांना दाखवायचं होतं, बघा माझा नातू. आणि निघालं काय तोंडातून! पैशाचं बोलणं तोंडातून एकदा निघालं की निघालं गं."

माझ्या पोटात खड्डा पडला, कारण आदल्याच आठवड्यात मी थोरल्याला म्हटलं होतं, "क्लासची फी किती भरली आहे, ठाऊक आहे का तुला?" आकडाही सांगितला होता. तो अकरावीत आहे. चाचणीत मार्क कमी आले होते आणि तो जेवायला येत नव्हता. मला खरं म्हणायचं होतं, "जेवून घे रे, मला काळजी वाटते." निघाला तो आकडा. त्यानं काही पत्र लिहिलं नाही. ताट घेऊन निमूट बसला आणि दोन पोळ्या खाऊन उठला. एरवी चार खातो.

तुम्हीही असा आकडा कधीतरी सांगितला असणार. सायकलचा, बुटांचा, सहलीचा, त्या पियानोचा जो आता कपाटावर धूळ खातोय. सगळे सांगतात. त्यावर मला एकच सुचलं आहे, तेही अजून जमलेलं नाही. पैशाचं बोलायचं ते शांत वेळी, रविवारी चहा घेताना. घरात किती येतात, कर्जाचा हप्ता किती, क्लासला किती जातात, मावशींना किती देतो, हे मुलांना खुशाल सांगावं. भांडणात मात्र आकडा आणू नये. भांडणात आकडा आला की मुलाला वाटतं, आपल्यावर लावलेले पैसे बुडाले म्हणून आई रडतेय.

धाकटीनं एकदा विचारलं होतं, "आपण श्रीमंत आहोत का?" तेव्हा मी "असं विचारू नये" म्हणून गप्प केलं होतं. का नाही विचारायचं? परवा तिला बोलावून सांगितलं, हो, आपल्याकडे लागतं त्यापेक्षा जास्त आहे. आजोबांकडे नव्हतं. तुझ्याकडे ते आपोआप आलंय, त्यात तुझा काही पराक्रम नाही आणि तुझा काही गुन्हाही नाही. तिनं "बरं" म्हटलं आणि विचारलं, मग मावशींकडे का नाही? त्याचं उत्तर मला देता आलं नाही. "सांगते नंतर" म्हटलं आहे. नीट विचार करून सांगावं लागेल.

मावशींवरून आठवलं. याच सगळ्या गोंधळात एकदा पोळ्या लाटता लाटता त्या सहज म्हणाल्या, "ताई, छोटीचा डबा आठ दिवसांपासून भरलेला वापस येऊन राहिला. त्या मैत्रिणीसोबत बसत नाही म्हणते ती आता. एकटीनं काहून खायचं, म्हणते."

मला माहीतच नव्हतं. डबा घासतात मावशी. शाळेतून आल्यावर घरी असतात मावशी. माझी मुलगी कुणाजवळ मन मोकळं करते, तर त्यांच्याजवळ. मला पहिल्यांदा मत्सर वाटला, मग लाज वाटली, आणि मग हायसं वाटलं की निदान कुणाजवळ तरी करते.

सगळं असूनही मुलं अशी एकटी पडतात, हे मी वाचलंही होतं. सुनिया लूथर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. दिल्लीत शिकून अमेरिकेत गेलेल्या. गरीब वस्तीतल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास करताना तुलनेसाठी म्हणून त्यांनी सुखवस्तू उपनगरातली मुलं घेतली. उलटंच निघालं. चिंता, उदासी, व्यसनं यांचं प्रमाण या मुलांत कमी तर नव्हतंच, काही बाबतींत जास्त होतं. कारणं शोधली तेव्हा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. सतत पुढे राहण्याचा ताण, आणि आईवडिलांपासून आलेलं तुटलेपण. रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर होतं का, असंसुद्धा त्यांनी मुलांना विचारलं होतं. मी हे वाचलं त्या रात्री आमच्याकडे चार माणसं चार वेळी जेवली होती. थोरला साडेसातला क्लासच्या आधी, धाकटी आठला टीव्हीसमोर, मी दहाला ओट्यापाशी उभ्यानं, आणि हे अकराला.

शिक्षिकाबाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी हात झटकला. "उपाशी पोराचं दुःख आणि एसीतल्या पोराचं दुःख एका तागडीत घालू नकोस." त्यांचं बरोबरच आहे. मी घालत नाही. पण मला ती तागडीच नको झालीय. माझ्या लेकीची मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, हे जगातलं मोठं दुःख नाही, मान्य. दहा वर्षांच्या मुलीच्या दिवसातलं मात्र तेच सगळ्यांत मोठं आहे. ते ऐकून घेतलं म्हणून उपाशी मुलाच्या ताटातलं काही कमी होत नाही.

डॉक्टर वहिनींच्या कुकरचं काय झालं, ते सांगते. त्यांनी मुलाला रविवारी वरणभात करायला लावला. पहिल्या रविवारी त्यानं डाळीत पाणीच घातलं नाही. त्या रागावल्या, तो चिडला, कुकरचं बूड काळं झालं ते आजतागायत. मी त्यांना एवढंच म्हटलं की "उद्या आम्ही नसलो तर" असं सांगून शिकवू नका हो, पोरगं घाबरतं. "भूक लागली आहे म्हणून शीक, नाहीतर मला कंटाळा आलाय म्हणून कर" असं म्हणा. आमच्याकडे मी धाकटीला पोहे करायला दिले. कांदा चिरताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तेवढ्यात तिनं जरा रडूनही घेतलं असं मला वाटलं. पोह्यांवर तिनं सांबार, म्हणजे तुमची पुण्यामुंबईकडची कोथिंबीर, देठांसकट इतकी घातली की पोहे दिसेचनात. थोरल्यानं दोन बशा खाल्ल्या.

धाकटीच्या वाढदिवसाचं अजून ठरत नाही. गेल्या वर्षी इमारतीच्या चौकीदाराची मुलं, मावशींची नात आणि शाळेतल्या चार मैत्रिणी अशा सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. टाळ्या वाजवायला रांगेत कुणी नव्हतं. लपाछपीत मावशींच्या नातीनं सगळ्यांना हरवलं आणि आमची रुसली. बरंच झालं म्हणायचं.

आता त्या रात्रीचं सांगते. मावशींनी डब्याचं सांगितलं त्याच दिवसाची गोष्ट. मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि दोन मिनिटांसाठी तिच्या खोलीत डोकावले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं, सवयीनं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "डब्यात उद्या काय देऊ?"

"काही नको."

मी गप्प बसले. गप्प बसणं मला फार जड जातं, तुम्हाला सांगते. रस्त्यावरून अँब्युलन्स गेली, आमच्याकडे ती रात्रंदिवस जाते. मग ती कूस वळवून म्हणाली, "तिला वाटतं मी भाव खाते. आपल्या गाडीवरून." आणि सुरू झाली. कोण कुणाला काय म्हणालं, कोण आधी हसलं, कोणी कुणाचं पेन परत दिलं नाही. नावं मला कळेनात, मध्येच एक मुलगी दोन वेगळ्या नावांनी आली. मी "हं" म्हणत राहिले. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला. मी उठले नाही. थोरल्यानं जाऊन गॅस बंद केला आणि दारात येऊन उभा राहिला, "काय चाललंय?" तिनं त्याला उशी फेकून मारली.

सकाळी मावशी शेगडी घासत होत्या. "ताई, काल दूध ऊतू गेलं वाटते. अर्धा लिटर तरी असन."

"हो ना," मी म्हटलं. "आज डबा दोघींना पुरेल एवढा भरा."